ऑपरेशन करताना सर्जनची मान किती झुकते? सेन्सरने मोजण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाईकडचे रेसिडेंट, ऑपरेशन थिएटरमधल्या (ओटीतल्या) सिस्टर आणि थिसिसला हातभार लावणारी इंजिनिअरिंगची पोरं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एका जागी लावलेत. आधी मुळातले, मग अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. ‘मानेचा कोन’ म्हणजे नेमका कोणता कोन?

कोन दोन आहेत, आणि निम्मा घोळ इथेच होतो. डोकं उभ्या रेषेपासून किती झुकलं तो डोक्याचा कल. डोकं धडाच्या मानाने किती झुकलं तो मानेचा वाक. सर्जन कमरेतून २० अंश पुढे वाकलाय आणि डोक्याचा कल ४५ अंश आहे, तर मान वाकलीय २५ अंश. तोच सर्जन ताठ उभा राहून डोकं ४५ अंश खाली घालून बघत असेल, तर मान वाकलीय पुरती ४५. डोक्यावर एकच सेन्सर असेल तर दोन्ही वेळा आकडा सारखाच दिसतो. म्हणून कमीत कमी दोन सेन्सर लागतात: एक डोक्यावर, एक पाठीवर.

ही साधी वजाबाकी मान सरळ पुढे झुकलेली असेल तरच बरोबर येते. मान एका बाजूला वळली किंवा खांद्याकडे कलली की ती चुकते. तिथे दोन्ही सेन्सरच्या क्वाटर्नियनवरून (सेन्सर अवकाशात कसा फिरलाय ते सांगणारे चार आकडे) सापेक्ष कोन काढा.

२. मोबाइलवर व्हिडिओ काढून कोन मोजला तर चालणार नाही का?

बाहेर, गाऊन न घातलेल्या माणसावर चालेल. ओटीत नाही. कॅमेरा बरोबर काटकोनात, बाजूने हवा. नेमका तिथे असिस्टंट उभा असतो, मागे ट्रॉली असते, वरून लाइटचा दांडा येतो. गाऊनमुळे मानेचा खालचा मणका दिसत नाही. सर्जन थोडा जरी वळला तरी चित्रातला कोन खोटा होतो. शिवाय पेशंट चित्रात आला की परवानगीचा वेगळा प्रश्न. व्हिडिओचा उपयोग एवढाच: कोणत्या मिनिटाला काय चाललं होतं ते नंतर जुळवायला. त्यासाठी कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसलेला इंटर्नही पुरतो.

३. कोणता सेन्सर घ्यावा? आपल्या आपण जुळवता येतो का?

येतो. गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगणारा अ‍ॅक्सेलरोमीटर आणि वळण्याचा वेग सांगणारा जायरोस्कोप एकाच चिपमध्ये असलेलं मॉड्यूल लागतं. त्यालाच आयएमयू म्हणतात. एमपीयू-६०५० या साध्या मॉड्यूलवर काम भागतं. बीएनओ०५५ मध्ये चुंबकीय सेन्सरही असतो आणि कोनाचं गणित चिपच करते, पण ओटीत ते आयएमयू मोडमध्ये वापरा, म्हणजे चुंबक बंद (का, ते प्रश्न ९ मध्ये).

रेंज ±४ जी आणि सेकंदाला ±५०० अंश ठेवा. सेकंदाला ५० रीडिंग भरपूर झाली; सर्जनची मान क्रिकेटच्या बॉलसारखी पळत नाही. सहा चॅनेल, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे एका सेन्सरचे तासाला साधारण २.१६ एमबी. दोन सेन्सर, चार तासांची केस: १७–१८ एमबी. छोटं मेमरी कार्ड पुरेसं आहे, ब्लूटूथवर विसंबू नका. शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं, सर्जन लॅपटॉपकडे पाठ करून उभा राहिला की मधली मिनिटं गायब होतात.

एमपीयू-६०५० ला एडी-झिरो ही पिन असते. एका मॉड्यूलवर ती ग्राउंडला आणि दुसऱ्यावर ३.३ व्होल्टला जोडली की दोघांचे पत्ते वेगळे होतात आणि एकाच ईएसपी-३२ बोर्डावर दोन्ही सेन्सर चालतात. घड्याळ एकच, त्यामुळे वेळ जुळवायची कटकट नाही. फक्त डोक्याकडून पाठीकडे येणाऱ्या वायरला मानेमागे १०–१२ सेंटिमीटरचा सैल झोल ठेवा. ताठ वायर लावली की मान झुकताना ती वरचा सेन्सर खाली ओढते, टेप कडेने उचलली जाते, आणि तासाभरात सेन्सर मानेचा नाही तर वायरचा कोन सांगू लागतो.

युनिटं वेगवेगळी असतील तर सुरुवातीला दोन्ही एका मुठीत धरून टेबलावर तीन ठोके द्या, शेवटी पुन्हा तीन. ठोक्यांची टोकं जुळवून वेळ सरळ करता येते.

४. सेन्सर नेमके कुठे लावायचे?

वरचा कपाळाच्या मधोमध, भुवयांच्या वर दोन-तीन बोटं. डोक्याच्या मागे, कवटीच्या उंचवट्यावरही चालतो, पण केस आड येतात.

पाठीवरचा सेन्सर मानेचा मोठा मणका, म्हणजे सी-७, शोधून त्याच्या खाली लावायचा. मान पुढे झुकवली की एक-दोन हाडं वर येतात. त्यातलं सी-७ कोणतं? दोन्हींवर बोटं ठेवा आणि मान मागे न्यायला सांगा. जे हाड बोटाखालून आत सरकतं ते सी-६, जे जागेवर राहतं ते सी-७. सेन्सर बरोबर हाडाच्या टोकावर नको, तिथली कातडी मानेबरोबर सरकते. दोन-तीन बोटं खाली, कण्याच्या रेषेवर लावा.

लावल्यावर खांदे उडवायला आणि हात पुढे करायला सांगा, जसे ऑपरेशनात असतात. डोकं, धड स्थिर असताना पाठीचा कोन ३–४ अंशांहून जास्त हलला तर जागा चुकलीय.

५. अंबाडा असेल, पगडी असेल, टक्कल असेल तर?

टक्कल असेल तर उत्तमच. अंबाडा असेल तर मागचा सेन्सर विसरा. कॅपखाली अंबाडा हळूहळू सैल होतो आणि सेन्सरही त्याच्याबरोबर झुलतो. कपाळच बरं. पगडी घालणाऱ्यांची संख्या नांदेडात दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पगडीवर सेन्सर लावू नका आणि पगडी सैल करायलाही सांगू नका. पगडीच्या कडेखाली कपाळाच्या उघड्या पट्टीवर, किंवा कानापुढे कानशिलावर लावा. कानशिलावर लावला तर अक्ष ९० अंशांनी फिरतो, ते प्रश्न ६ मधल्या होकाराच्या पायरीने आपोआप सावरलं जातं. लूपच्या (सर्जनच्या भिंगाच्या चष्म्याच्या) फ्रेमवर सेन्सर चिकटवायचा मोह टाळा: लूप काढले की डेटा गेला.

६. शून्य कुठे धरायचा? सगळ्यांचे आकडे इतके वेगळे का येतात?

सगळ्यात जास्त थिसिस याच पायरीवर घसरतात. सेन्सर काही मानेला समांतर चिकटलेला नसतो. कपाळ तिरकं असतं, पाठीला बाक असतो. म्हणून ‘सरळ मान’ म्हणजे काय ते आधी सेन्सरला शिकवावं लागतं.

वॉश घेण्याआधी (म्हणजे ऑपरेशनसाठी हात धुण्याआधी), कॅप-मास्क घालून झाल्यावर, सर्जनला भिंतीपासून दोन-तीन मीटरवर उभं करा. भिंतीवर त्याच्या डोळ्याच्या उंचीला काळ्या टेपची फुली. पाय खांद्याइतके अंतरावर, हात सैल, नजर फुलीवर, १० सेकंद. मग चालायला सांगा, पुन्हा उभं करा, पुन्हा १० सेकंद. असं तीनदा. तिन्हींत ३ अंशांहून जास्त फरक आला तर पुन्हा घ्या. ‘सरळ उभे राहा’ असं मात्र म्हणू नका. ते ऐकलं की माणूस एनसीसीच्या परेडसारखा हनुवटी आत घेऊन ताठतो, शून्य सरकतो आणि पुढची सगळी केस काही अंशांनी चुकते. ‘बसची वाट बघताय तसे उभे राहा’ म्हटलं की बरोबर जमतं.

त्यानंतर पाच वेळा सावकाश होकार द्यायला लावा, फक्त मानेतून, कंबर न हलवता. त्यावरून पुढे-मागे झुकण्याचा अक्ष सेन्सरच्या दिशेत सापडतो. मग तीन वेळा कान खांद्याकडे, दोन्ही बाजूंना.

केस संपली, ग्लोव्ह्ज उतरले की कॅप काढण्याआधी तोच १० सेकंदांचा शून्य पुन्हा घ्या. आधीच्या आणि नंतरच्या शून्यात ५ अंशांपर्यंत फरक असेल तर चालेल. त्याहून जास्त असेल तर सेन्सर सरकला. ती केस बाजूला काढा. मध्ये रेषा ओढून ‘दुरुस्त’ करू नका, कारण सेन्सर हळूहळू सरकला की घाम पुसताना एका झटक्यात, हे त्या रेषेला कळत नाही.

७. एप्रिल-मेमध्ये टेप राहतच नाही. काय करावं?

बाहेर ४२ अंश, आत एसी असला तरी गाऊन, मास्क आणि लाइटखाली कपाळाला घाम सुटतोच. आधी जागा स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टेप लावली तर ती पहिल्या पंधरा मिनिटांतच निघते. खाली दुहेरी चिकट मेडिकल टेप, वर कापडी ताणाची चिकटपट्टी, आणि तिच्यावर कॅपची पट्टी. कागदी मायक्रोपोर घामात टिकत नाही. कपाळाला तेल, क्रीम, सनस्क्रीन असेल तर आधी साबणाने धुवा. लांब केस आणि गरम दिवस एकत्र आले तर मऊ इलॅस्टिक पट्टा वापरा, पण घट्ट बांधला तर चाळीस मिनिटांत डोकं दुखतं आणि सर्जन तो वैतागून काढायला लावतो.

८. निर्जंतुकपणाचं काय? सेन्सर ऑटोक्लेव्ह करायचा का?

मुळीच नाही. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ ते १३४ अंश तापमान असतं. लिथियम बॅटरी तिथे फुगते, फुटते. सेन्सर निर्जंतुक असण्याची गरजच नाही, कारण तो कॅपच्या आणि गाऊनच्या आत राहतो. वॉश घेण्याआधी लावायचा, गाऊन उतरल्यावर काढायचा, मध्ये कुणीही हात लावायचा नाही. बंद पडला तर पडू द्या. वापरानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा, टेप प्रत्येकाला नवी.

कॅप डोक्याला पूर्ण झाकणारी हवी, नुसती मागे बांधायची टोपी नको. आणि स्क्रब सिस्टरना आधी सांगून ठेवा की आज सर्जनच्या अंगावर इतके नग आहेत. मॉप आणि सुया मोजतात तसे सेन्सरही लावताना आणि काढताना मोजायचे. फुगलेली बॅटरी ओटीत न्यायची नाही, आणि अंगावर असताना पॉवर बँकवर चार्जिंग अजिबात नको.

९. कॉटरी (विजेने कापणारं, रक्त थांबवणारं यंत्र) आणि सी-आर्म (ओटीतलं फिरतं एक्स-रे यंत्र) यांच्यामुळे रीडिंग बिघडतं का?

बिघडतं, पण वेगवेगळ्या कारणांनी. मोनोपोलर कॉटरी चालू असताना वायरींमध्ये उच्च वारंवारतेचा गोंगाट शिरतो. एखादं-दुसरं रीडिंग उसळतं, क्वचित बोर्ड रीसेट होतो. उपाय: वायर आखूड आणि पिळलेली, बोर्ड कॉटरीच्या केबलपासून लांब, दर मिनिटाला फाइल सेव्ह. एकटं उसळलेलं रीडिंग मेडियन फिल्टरने निघतं.

सी-आर्मचा त्रास चुंबकाला. ओटीचं टेबल लोखंडी, ट्रॉली लोखंडी, सी-आर्म तर भलामोठा फिरता लोखंडी सांगाडा. चुंबकीय सेन्सर उत्तर दिशा विसरतो आणि गणित त्याच्यावर विश्वास ठेवून बाकीचे कोनही बिघडवतं. म्हणून चुंबक बंद. लेड एप्रन असेल तर त्याचा भार पाठीच्या सेन्सरवर येतो. एप्रन घातल्यानंतरच शून्य घ्या.

१०. पुढे झुकण्याचे आकडे नीट येतात, पण मान वळण्याचा कोन तासाभरात १२० अंश दाखवतो. मान तर तेवढी वळतच नाही!

सेन्सर बिघडलेला नाही. पुढे-मागे आणि बाजूला कललेल्या कोनाला गुरुत्वाकर्षणाचा आधार असतो. जायरोची चूक साचली की अ‍ॅक्सेलरोमीटर ती पुसत राहतो. उभ्या अक्षाभोवती वळण्याला असा आधार नाही. जायरोची बारीकशी चूक मिनिटामागून मिनिट साठत जाते.

त्यामुळे वळण्याचा एकूण कोन थिसिसमध्ये देऊ नका. छोटे तुकडे घ्या, म्हणजे सर्जन मॉनिटरकडे वळला आणि परत आला अशा काही सेकंदांतला फरक. तोच विश्वासार्ह. सुरू करण्याआधी सेन्सर टेबलावर एक मिनिट स्तब्ध ठेवून जायरोचा शून्य वजा केला तर त्रास बराच कमी होतो. मॉड्यूल गरम झालं की हा शून्य सरकतो, म्हणून सेन्सर चालू करून दहा मिनिटांनी ते एक मिनिट घ्या.

११. किती अंश म्हणजे वाईट?

एकच लक्ष्मणरेषा नाही. शरीराच्या स्थितीला गुण देणाऱ्या, १९९३ पासून वापरात असलेल्या रुला पद्धतीत मान ०–१० अंश झुकली तर १ गुण, १०–२० ला २, २० च्या पुढे ३ आणि मान मागे गेली तर थेट ४. वळली किंवा कलली तर प्रत्येकी एक गुण जास्त. आयएसओ ११२२६ हे आंतरराष्ट्रीय मानक स्थिर बसण्या-उभं राहण्यासाठी २५ अंशांची हद्द धरतं. एक निवडा, आधीच लिहून ठेवा, निकाल बघून बदलू नका.

नुसती सरासरी देऊ नका. अर्धा वेळ ताठ आणि अर्धा वेळ ५० अंश, याची सरासरी २५ येते आणि खरं काहीच कळत नाही. द्यायचं ते असं: मधला कोन म्हणजे ५० वा पर्सेंटाइल, ९० वा पर्सेंटाइल (९० टक्के वेळ कोन ज्याच्या आत राहिला तो), २० अंशांच्या वर गेलेला वेळ टक्क्यांत, आणि सलग सर्वांत लांब ताण, म्हणजे मान वर न करता गेलेला सर्वांत लांब वेळ. हा शेवटचा आकडा आम्हाला सगळ्यांत बोलका वाटतो. एकूण वेळ सारखाच असला तरी दर दोन मिनिटांनी मान वर करणारा आणि सलग अठरा मिनिटं खाली घालून बसणारा, दोघांची संध्याकाळ वेगळी असते.

१२. ‘मान ६० अंश झुकवली की मानेवर २७ किलो वजन येतं’ हे थिसिसमध्ये लिहू का?

जपून. हा ६० पाउंडांचा (म्हणजे २७ किलोंचा) आकडा २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संगणकीय मॉडेलमधला आहे. कुणाच्या मणक्यात वजनकाटा घालून तो मोजलेला नाही. डोकं साधारण ४.५ ते ५.५ किलोचं आणि झुकलं की मागच्या स्नायूंना जास्त ओढावं लागतं, एवढं पक्कं. सेन्सर कोन मोजतो, भार नाही, आणि दुखणं तर नाहीच.

१३. लूप लावणाऱ्यांचा कोन जास्त का येतो?

लूपची नळी फ्रेममध्ये खाली किती तिरकी बसवलीय त्याला डिक्लिनेशन म्हणतात. ती कमी तिरकी असेल तर डोळे खाली वळवून भागत नाही, उरलेला कोन मान भरून काढते. काचेत घट्ट बसवलेले लूप नंतर बदलता येत नाहीत. माप घेताना सर्जन नेहमीच्या उभ्या स्थितीत होता की दुकानाच्या खुर्चीवर, यावर सगळं अवलंबून. प्रिझमचे लूप आणि वर हेडलाइट असेल तर वजनही वाढतं. तुलना करताना लूपसह आणि लूपशिवाय अशा केसेस एकाच गटात मिसळू नका.

१४. मायक्रोस्कोपखाली कोन जेमतेम १०–१५ अंश येतो. मग मोतीबिंदूवाल्या मॅडमची मान का दुखते?

कारण ती हलत नाही. शिबिरात एकामागून एक केस, डोळे आयपीसला, दोन्ही पाय पेडलवर. कोन छोटा, पण सलग ताण लांबलचक. रुलामध्येही एक मिनिटाहून जास्त धरून ठेवलेल्या स्थितीला वेगळा गुण आहे. इथे प्रश्न ११ मधला ‘सलग ताण’ आणि मान हलण्याचा वेग बघा. स्नायूंचा थकवा मोजायचा तर ईएमजी (स्नायूंतल्या विजेची नोंद) लागेल.

लॅपरोस्कोपीत उलटं होतं: मॉनिटर उंच टांगलेला असला की मान मागे जाते, उणे कोन येतो. काही जण उणे आकडे चूक समजून गाळून टाकतात. तेच तर शोधायचं होतं! कॅमेरा धरणारा ज्युनिअर बहुधा वाकडा उभा असतो, शक्य असेल तर त्यालाही सेन्सर लावा.

१५. थिसिसला ३० केसेस पुरतील का?

३० केसेस की ३० सर्जन? एकाच सरांच्या ३० हर्निया मोजल्या तर तुम्हाला सरांबद्दल कळलं, सर्जनबद्दल नाही. एकाच माणसाची मान रोज सारखीच वागते, म्हणून त्या ३० नोंदी स्वतंत्र धरता येत नाहीत. टी-टेस्ट लावू नका, सर्जन हा घटक धरून मिश्र मॉडेल लावा. एमयूएचएसला (आरोग्य विद्यापीठाला) सिनॉप्सिस पाठवण्याआधीच स्टॅटिस्टिक्सवाल्यांशी बोला. ऑपरेशनचा प्रकार, टेबलाची उंची आणि सर्जनची उंची दर वेळी लिहा. हे तीन रकाने रिकामे असले की पुढे काहीच समजावता येत नाही.

१६. परवानगी कुणाची लागते? एचओडींना (विभागप्रमुखांना) कुणाचा आकडा किती ते कळलं तर?

संस्थेच्या एथिक्स कमिटीची लागते. इथे ज्याच्यावर अभ्यास होतो तो सर्जन आहे, म्हणून त्याची लेखी संमती. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थी आणि हाताखालचे लोक असुरक्षित गटात मोडतात. रेसिडेंटने एचओडींच्या प्रोजेक्टला ‘हो’ म्हटलं तर ते खरंच ‘हो’ आहे का, हे कमिटी विचारणारच. संमती बाहेरच्या विभागातल्या माणसाने घ्यावी.

नावाऐवजी कोड वापरा, पण तेवढ्याने भागत नाही. विभागात चारच सर्जन असतील तर ‘उंची १५२ सेंटिमीटर, स्त्री’ एवढ्यावरून शिपायालाही कळतं कोण ते. छोट्या विभागात उंची गटात द्या. वैयक्तिक अहवाल फक्त ज्याचा त्याला.

१७. कोन जास्त आला. आता पुढे?

आधी सर्जनला ‘नीट उभे राहा’ सांगायचं सोडा, टेबलाकडे बघा. बहुतेक ओटीत टेबल सरांच्या उंचीला लागतं आणि समोरचा ज्युनिअर एक तर मान घालतो, नाहीतर खांदे उचलतो. उघड्या ऑपरेशनात कामाची जागा कोपराच्या आसपास हवी. लॅपरोस्कोपीत हत्यारं लांब असतात, म्हणून हँडल कोपराशी यावं इतकं टेबल खाली. दोघांच्या उंचीत फरक असेल तर टेबल उंच माणसाला लावायचं आणि बुटक्याला पायाखाली १०–१५ सेंटिमीटरचं फूटस्टूल द्यायचं. उलटं केलं तर उंच माणूस दिवसभर वाकतो. मॉनिटर समोर, वरची कड डोळ्याच्या उंचीपेक्षा वर नको. दर २० ते ४० मिनिटांनी मिनिट-दीड मिनिट मान-खांदे मोकळे करायचे, हात निर्जंतुक पट्ट्यातच ठेवून.

एका वेळी एकच गोष्ट बदला. स्टूल, मॉनिटर आणि विश्रांती तिन्ही एकदम बदललं तर कोन कशाने उतरला ते सांगता येणार नाही.

१८. केस अर्धवट नोंदली गेली, लाइट गेली, सर्जन मध्येच बदलला. फेकून द्यायची?

लाइट गेल्याने सेन्सरला काही होत नाही, तो बॅटरीवर आहे. पण जनरेटर सुरू होईपर्यंतची मिनिटं वेगळी खूण करून ठेवा, कारण टॉर्चच्या उजेडात मान वेगळीच झुकते. सर्जन बदलला तर पहिल्याच्या वॉश-आउटपर्यंतचीच नोंद घ्या. सेन्सर दुसऱ्याला लावू नका, शून्य त्याचा नाही. शेवटचा शून्य घ्यायचा राहिला तर कोनाचे आकडे वापरू नका, मात्र मान किती वेळा हलली ही मोजणी वापरता येते, तिला शून्य लागत नाही. आणि बॅटरी वारंवार मध्येच संपत असेल तर ईएसपी-३२ चं वायफाय बंद आहे का ते बघा. चालू राहिलं तर ४०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी लांबलेल्या केसला पुरत नाही.